वारा नसताना उडणारे शेले

अस्वल पिंजऱ्यातून सुटले आहे. दोन शिपाई भाले रोखून त्याच्यावर तुटून पडले आहेत, सम्राट बैठकीवर बसला आहे, बाकीच्या स्त्रिया मागे सरल्या आहेत. एकटी फंग मात्र अस्वलाच्या वाटेत उभी आहे. पाठ ताठ, मान वर, चेहऱ्यावर भीतीची एक रेघ नाही. पण तिच्या वस्त्राला बांधलेले लांब शेले पाहा. ते लाटेसारखे उसळले आहेत, वळले आहेत, पुन्हा उलटले आहेत. चित्रात कुठे झाड हलत नाही, वाऱ्याची खूण नाही. मग हे शेले कशाने उडतात?

या प्रश्नापाशी मी कितीतरी वेळा थांबले आहे. हे चित्र ब्रिटिश म्युझियममधल्या एका जुन्या चिनी रेशमी पटावर आहे. पटाची उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, लांबी साधारण साडेतीन मीटर. ‘राजस्त्रियांना शिक्षिकेचा उपदेश’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. परंपरेने तो कू काइ-चिह या चौथ्या शतकातल्या थोर चित्रकाराच्या नावावर आहे. आज हाती आहे ती पाचव्या ते आठव्या शतकांदरम्यान कधीतरी केलेली नक्कल असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ १२ प्रसंगांपैकी ९ उरले आहेत. प्रत्येक चित्राआधी उपदेशाचा मजकूर, मग चित्र. पट उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत वाचायचा, आणि वाचून झालेला भाग गुंडाळत पुढे जायचे.

म्हणजे इथे एकाच रेशमावर दोन आवाज आहेत, एक अक्षरांचा आणि एक कुंचल्याचा. अक्षरे राजस्त्रियांना सांगतात, असे वागा. कुंचला त्याच स्त्रियांकडे पाहतो, आणि पाहता पाहता अक्षरांना जे सांगायचे नव्हते तेही सांगून जातो. या पटाचा सारा रस मला या दोन आवाजांमधल्या अंतरात सापडतो.

आधी अक्षरांचे ऐकू. हा उपदेश इ.स. २९२ मध्ये लोयांगच्या दरबारातला मंत्री आणि कवी चांग ह्वा याने लिहिला. रोख सम्राज्ञी जिआ नानफंगकडे होता, असे मानले जाते. तिचा नवरा, जिन घराण्याचा सम्राट ह्वेइ, बुद्धीने मंद होता आणि राज्याची सूत्रे तिच्या हाती होती. आदल्याच वर्षी तिने आपल्या सासऱ्याची विधवा, राजमाता यांग चीर, हिला जिनयोंगच्या कोटात कोंडून ठेवले होते. दासी काढून घेतल्या, अन्न तोडले, आणि त्याच २९२ साली राजमाता उपासमारीने मेली. याच यांग चीरने एके काळी रदबदली करून जिआ नानफंगचे युवराज्ञीपद वाचवले होते. अशा साली एक म्हातारा मंत्री राजस्त्रियांच्या सद्गुणांवर लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या शब्दांमागे भीती असणारच. सम्राज्ञीला थेट काही सांगण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने अंतःपुरातल्या शिक्षिकेचा मुखवटा घेतला आणि एका स्त्रीच्या तोंडून स्त्रियांना समज दिली.

ज्या अंतःपुराला ही समज द्यायची ते किती मोठे होते, हेही पाहिले पाहिजे. जिआ नानफंगचा सासरा सम्राट वू याने २७३ साली राजवाड्यासाठी मुली निवडायच्या म्हणून निवड पुरी होईपर्यंत लग्नांवरच बंदी घातली. निवडलेल्या मुलीच्या दंडाला लाल तलम कापड बांधत. एका सेनापतीची मुलगी हू फांग हिला ते बांधले तेव्हा ती मोठ्याने रडू लागली. सम्राट ऐकेल, गप्प हो, असे आजूबाजूचे तिला दटावू लागले. तेव्हा ती म्हणाली की मला मरणाची भीती नाही, तिथे सम्राटाची कसली! पुढे २८१ मध्ये, दक्षिणेचे वू राज्य जिंकल्यावर, तिथल्या राजाच्या वाड्यातल्या ५,००० स्त्रिया लोयांगला आणल्या गेल्या. अंतःपुराची संख्या १०,००० च्या घरात गेली, असे जिन घराण्याचा इतिहास सांगतो. रात्री कुणाकडे जायचे हे ठरवणे सम्राटाला अवघड झाले, म्हणून तो बोकड जुंपलेल्या गाडीत बसे आणि गाडी थांबेल तिथे उतरे. बोकड आपल्या दाराशी थांबावा म्हणून स्त्रिया दाराला बांबूची पाने खोचत आणि जमिनीवर मिठाचे पाणी शिंपडत.

मिठाच्या पाण्याचा तो ओला पट्टा मला विसरता येत नाही. आयुष्याची सगळी आशा जनावराच्या जिभेवर ठेवायची आणि दाराआड चाकांचा आवाज ऐकत बसायचे. राणी, उपराणी, पहिल्या तीन, नंतरच्या नऊ अशा पदव्या होत्या, प्रत्येक पदवीचा मान ठरलेला होता. पण पदवी असो नसो, दाराआडची ती रात्र सगळ्यांना सारखीच होती. हे सगळे डोक्यात ठेवून पट पुन्हा उलगडायला घेऊ.

फंगची गोष्ट इ.स.पू. ३८ ची, हान घराण्यातली. सम्राट युआन जनावरांच्या झुंजी पाहत असताना अस्वल सुटले, आणि फंग पुढे होऊन आडवी उभी राहिली. माणूस मिळाला की जनावर थांबते, ते सम्राटापर्यंत पोहोचू नये म्हणून मी उभी राहिले, असे तिचे नंतरचे उत्तर होते. उपदेशाला ही गोष्ट त्यागाचा आदर्श म्हणून हवी आहे, आणि उपदेश तिथेच थांबतो. इतिहास मात्र पुढे जातो. त्या दिवशी पळालेल्यांत फू नावाची दुसरी राणी होती. फंगचे धैर्य तिला कायमचे सलले. सुमारे तीस वर्षांनी फूचा नातू सम्राट झाला, आणि फंगवर जादूटोण्याचा आळ आला. चौकशी करणाऱ्याने तिला डिवचले की अस्वलासमोर एवढी शूर होतीस, आता का घाबरतेस? इतकी जुनी, वाड्याच्या आतली गोष्ट या माणसाला कुणी सांगितली असेल, हे फंगच्या तत्काळ लक्षात आले. तिने विष घेतले.

हे कळल्यावर चित्रातली जागा बदलते. अस्वल समोर आहे, भाले त्याच्यावर रोखलेले आहेत, त्याचा बंदोबस्त होणार आहे. खरा धोका तिच्या पाठीशी आहे, मागे सरलेल्या स्त्रियांत. फंग तिकडे पाहत नाही. चित्रकाराने तिचा चेहरा निश्चल ठेवला, कारण आदर्श स्त्रीचा चेहरा तसाच असावा लागतो. पण त्या क्षणाचे सगळे भय आणि सगळे बळ त्याने शेल्यांत ओतले. वारा बाहेर नाहीच, तो तिच्या आत आहे.

कू काइ-चिहच्या रेषेला जुने चिनी रसिक वसंतातल्या रेशीमकिड्याने सोडलेल्या धाग्याची उपमा देत. ती बारीक, अखंड, एकाच जाडीची असते. ती कुठे दाब देत नाही, कुठे तुटत नाही. माणसाचा प्राण डोळ्यांत असतो असे तो मानी, आणि चित्र पुरे करूनही बुबुळे वर्षानुवर्षे काढत नसे, अशी त्याची आख्यायिका आहे. या पटावरचे स्त्रियांचे चेहरे एकमेकींसारखे आहेत. लांबट, शांत, ओठ मिटलेले. ज्या घरात चेहरा बोलला तर जिवावर बेतते, तिथे चेहरा असाच राहणार. मग ती रेशमी रेघ चेहऱ्यावरून खाली उतरते, बाहीत शिरते, शेल्याच्या टोकाशी जाऊन मोकळी होते. आपल्याकडे पदराने बाई किती बोलते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही.

पुढचा प्रसंग बान नावाच्या राजस्त्रीचा. सम्राट छंग पालखीतून निघाला आहे. बानने त्याच्या शेजारी बसायला नकार दिला आहे, ती मागून चालते आहे. तिने दिलेले कारण हानच्या इतिहासात नोंदले आहे. जुन्या चित्रांत पाहावे तर चांगल्या राजांच्या शेजारी मंत्री दिसतात, आणि घराणे बुडवणाऱ्या शेवटच्या राजांच्या शेजारी लाडक्या बायका. एका स्त्रीने चित्रे पाहून आपले वागणे ठरवले आणि ती स्वतःच चित्र झाली, पुढच्या स्त्रियांना दाखवण्यासाठी. दातोंगजवळ सापडलेल्या ४८४ सालच्या थडग्यातल्या लाखकामाच्या पडद्यावरही हा प्रसंग आहे. तिथे पालखीत सम्राट एकटाच बसला आहे. आपल्या पटावर मात्र त्याच्याशेजारी दुसरी एक स्त्री बसली आहे.

इथे मी दाद देते ती या एका बदलाला. बान म्हणाली तसे शेजारचे आसन रिकामे राहिले असते तर उपदेश सफल झाला असता. चित्रकाराला मात्र वाडा माहीत आहे. तिथे आसन रिकामे राहत नाही. एकीने नाही म्हटले की दुसरी तयार असते. सम्राट मागे वळून बानकडे पाहतो आहे, भोई पालखी पुढे नेताहेत, आणि बान चालते आहे. तिच्या आणि पालखीच्या मधल्या कोऱ्या रेशमात तिचे पुढचे सारे आयुष्य मावले आहे. चाओ फेइयान ही नर्तकी सम्राटाच्या मर्जीत आली, बानवर चेटकाचा आळ आला. त्यातून ती आपल्या उत्तराच्या बळावर सुटली, आणि मग तिने स्वतःहून राजमातेच्या सेवेला जाण्याची परवानगी मागितली. वाड्यातच राहून वाड्यापासून दूर होण्याचा तो एकच मार्ग होता. शेवटी तिने सम्राटाच्या समाधीची राखण केली.

डोंगराच्या प्रसंगावरून लवकर पुढे सरकते. त्यात चंद्र, सूर्य, वाघ, पक्षी आणि नेम धरलेला शिकारी आहे. चढलेले उतरते, मान धुळीसारखा कणाकणाने साचतो आणि धनुष्याच्या खटक्यासारखा क्षणात सुटतो, असा त्याचा अर्थ. वाड्यातल्या बाईला हे वेगळे सांगायची गरज नव्हती.

मग येतो आरशांचा प्रसंग. एक स्त्री पाठमोरी बसली आहे. तिचा चेहरा आपल्याला फक्त तिच्या आरशात दिसतो. दुसरी आरशासमोर बसली आहे आणि मागे उभी राहून एक दासी तिचे केस विंचरते आहे. जमिनीवर शृंगाराच्या लाखी डब्या मांडल्या आहेत. अक्षरे बजावतात की चेहरा सजवणे सगळ्यांना कळते, स्वभाव सजवणे कुणालाच नाही. पण चित्राकडे पाहून कुणाला राग येईल? केसांतून फिरणारा दासीचा तो हात इतका हलका आहे की खोलीतली शांतता ऐकू यावी. इथे कुणी कुणाला मायेने स्पर्श करते, आणि तो स्पर्श एका स्त्रीचा दुसरीला आहे. पाठमोरीने पंचाईत आणखी वाढवली आहे. ती आपल्याला चेहरा दाखवत नाही, आरसा दाखवतो. आपण तिच्या खाजगी क्षणात डोकावतो आहोत, हे तिच्या पाठीमुळे लक्षात येते. ज्या घरात प्रत्येक क्षण कुणीतरी पाहत असे, तिथे पाठ फिरवणे एवढेच स्वातंत्र्य होते. चित्रकाराने ते तिला दिले.

या पटाचे शिखर त्यापुढच्या शेजघरात आहे. चारी बाजूंनी पडद्यांचा पलंग. आत एक स्त्री टेकून बसली आहे. पलंगाच्या कडेला, पुढच्या बाकावर, सम्राट बसला आहे. पाय बाहेर, मान तिच्याकडे वळलेली. तो जोडे काढतो आहे की घालतो आहे? येतो आहे की निघाला आहे? पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला आहे आणि चित्र उत्तर देत नाही. मजकूर सांगतो की बोलणे चांगले असेल तर हजार कोसांवरचा माणूस साद देतो, वाईट असेल तर एका अंथरुणातलाही संशय घेतो. म्हणजे दोघांमधले अंतर तिच्या शब्दांमुळे पडले. चित्र मात्र तिला काही बोलताना दाखवत नाही. ती वाट पाहते आहे. शेले इथे उडत नाहीत, पलंगाच्या चौकटीत उडायला जागाच नाही. एका माणसाच्या पायाच्या हालचालीवर आपली रात्र, आपले मूल, आपले म्हातारपण ठरणार आहे, हे जाणून एक बाई मागे टेकून बसली आहे. बोकडाच्या गाडीची दहा हजार दारे या एका पलंगाच्या कडेवर येऊन थांबतात.

मग मुलाबाळांनी गजबजलेले कुटुंब येते, वंश टोळांसारखा वाढवा हा उपदेश घेऊन. आणि लगेच त्यानंतर नकाराचा प्रसंग. सम्राट आणि स्त्री समोरासमोर उभे आहेत. त्याने तळहात उगारून तिला थांबवले आहे, कपाळाला आठी आहे. मजकूर म्हणतो की प्रेम एकटीने ताब्यात ठेवता येत नाही, तसे करू गेले की मन उलटते. ती त्याच्याकडे यायला निघाली होती. हात वर गेला तरी तिच्या शेल्यांत चालण्याचा वेग अजून उरला आहे. देह थांबला, वस्त्राला अजून बातमी पोहोचलेली नाही. अपमानाचा क्षण इतक्या कोवळेपणाने रंगवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कू काइ-चिहच्या हयातीत, ३९६ साली, नानजिंगच्या राजवाड्यात सम्राट श्याओवूने दारूच्या भरात चांग नावाच्या आपल्या लाडक्या राणीची थट्टा केली. तिशीला आलीस, आता तुला बाजूला सारायला हवे. त्या रात्री तो झोपेत मेला. राणीने दासींकरवी तोंडावर पांघरूण दाबून त्याला गुदमरवले, असे इतिहासकारांनी लिहिले आहे. काही अभ्यासक या पटाचा संबंध या घटनेशी जोडतात. तो असो वा नसो, सम्राटासाठी जी एका वाक्याची गंमत होती तिच्यात त्या बाईचे सारे आयुष्य पणाला लागले होते. उगारलेल्या तळहाताची किंमत त्या काळच्या प्रत्येक पाहणाऱ्याला ठाऊक होती.

अक्षरे ज्यांच्यासाठी लिहिली त्यांना तारू शकली नाहीत. ३०० साली एका राजपुत्राने बंड केले. जिआ नानफंगला त्याच जिनयोंगच्या कोटात नेऊन सोन्याची भुकटी घातलेली दारू पाजली गेली. चांग ह्वाचेही डोके उडवले गेले. त्याच वर्षी आणखी एक मरण झाले, ज्याची फारशी कुणाला खबर नव्हती. त्सुओ फन नावाची कवयित्री सम्राट वूच्या अंतःपुरात होती. ती २७२ साली तिथे आली, तिच्या काव्याच्या कीर्तीमुळे. रूपाने ती साधी होती, प्रकृती नाजूक, म्हणून तिला सम्राटाचा सहवास मिळाला नाही. मिळाली ती आज्ञा: राजघराण्यात कुणी वारले की शोकगीत लिही, काही खास घडले की प्रशस्ती लिही. एकदा सम्राटाने विरहावर लिहायला सांगितले, तेव्हा तिने लिहिले ते आईबापांच्या, भावाच्या ताटातुटीवर. लोयांगजवळ १९३० मध्ये तिचा समाधिलेख सापडला, म्हणून तिची मृत्युतिथी आज आपल्याला माहीत आहे.

त्सुओ फनची आठवण मला पटाच्या शेवटच्या चित्रापाशी होते. त्याआधी एक स्त्री एकटीच बसून स्वतःच्या वागण्याचा विचार करते आहे, शेले तिच्याभोवती शांत पसरले आहेत. मग शेवटी शिक्षिका येते. ती उभी आहे, हातात कागदाची गुंडाळी आणि कुंचला, मान झुकवून लिहिते आहे. समोर दोन राजस्त्रिया आल्या आहेत. अंतःपुरात कोण कधी सम्राटाकडे गेली, कुणाला दिवस राहिले, याची नोंद ठेवणारी बाई जुन्या काळी असे, तिच्या कुंचल्याची दांडी लाल असे. या चित्रात तीच हा सगळा उपदेश लिहिते आहे, अशी कल्पना आहे. चांग ह्वाने स्त्रीचा आवाज उसना घेतला, आणि चित्रकाराने त्या उसन्या आवाजाला खरा देह दिला, खरा हात दिला.

पुढे या पटावर सम्राटांच्या नजरा साचत गेल्या. अठराव्या शतकात छ्यान-लुंग सम्राटाने त्यावर लाल शिक्के उमटवले आणि शेवटी स्वतःच्या हाताने फुलझाड काढले. १९०० च्या चीनमधल्या बॉक्सर युद्धाच्या धामधुमीत तो बंगाल लान्सर्सच्या एका इंग्रज कॅप्टनच्या हाती लागला आणि १९०३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने २५ पौंडांना विकत घेतला. तिथे पुढच्या दशकात तो फळीवर ताणून बसवला गेला. हातभर उलगडून पुन्हा मिटायचा पट आता एकदम, संपूर्ण, उघडा पडलेला आहे. रेशीम नाजूक म्हणून वर्षातले काही आठवडेच तो काचेत दाखवतात.

तरीही शेवटची ती बाई लिहितेच आहे. तिने मान वर केलेली नाही. कागदावर ती काय उतरवते आहे ते आपल्याला दिसत नाही, दिसतात ते फक्त तिच्या अंगावरचे शेले. लिहिणाऱ्या माणसाला एका जागी स्थिर उभे राहावे लागते. तिचे शेले मात्र फंगच्या शेल्यांसारखेच उडताहेत.